कोळशाचीच घ्या

"ही चांगली वाजतीय," सासूबाई म्हणाल्या आणि त्या काळ्या झाकणावर त्यांनी बोटाच्या पेरानं पुन्हा टकटक केलं.

दुकानातला विक्रेता माझ्याकडे बघायला लागला. मिशिगनमधल्या त्या अवाढव्य दुकानात ग्रिल वाजवून घेणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असावं. निफाडच्या बाजारात माठ घेताना बाया जशा दहा माठ वाजवून बघतात, तशा आमच्या सासूबाई ओळीनं मांडलेली ग्रिलं वाजवत चालल्या होत्या. अंगावर सुती पातळ, त्यावर माझं जुनं जाकीट, पायात केतकीचे पळायचे बूट.

"आई, ग्रिल आहे ते, माठ नाही," केतकी म्हणाली. माझी बायको विक्रीला मांडलेल्या बागेतल्या खुर्चीत पाय लांब करून बसली होती. तिला नववा महिना लागला होता आणि तिच्या बाळंतपणासाठीच आई एवढ्या लांब आली होती. सासरे येऊ शकले नव्हते. ऑक्टोबरात द्राक्षबागेची छाटणी असते. त्या दिवसांत निफाडचा बागाईतदार स्वतःच्या लग्नालासुद्धा बाग सोडून जाणार नाही, असं केतकीच म्हणायची.

"मातीचं असो, नाहीतर लोखंडाचं. पातळ असलं की आवाज चिरका येतो," सासूबाई म्हणाल्या. "हे जाड ए. टिकंल."

टिकाऊपणा हा माझाही मुद्दा होता. घर घेऊन वर्ष झालं होतं, मागे छान अंगण होतं, आणि ग्रिल घ्यायचं ते एकदाच, पुन्हा पंधरा वर्षं त्या दुकानाचं तोंड बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मी मुळात चिकित्सक माणूस. साधी सुरी घ्यायची तरी चार जणांची मतं वाचतो. इथे तर तीन आठवडे वाचत होतो आणि माझं गॅसवर ठरलं होतं. बटण दाबलं की पेटतं, राख काढायला नको, हात काळे व्हायला नकोत. विक्रेता म्हातारा होता आणि दुर्दैवानं प्रामाणिक होता.

"गॅसचं सोयीचं, वादच नाही," तो म्हणाला. "पण आपल्याकडचा हिवाळा बघा. पाच-सहा वर्षांत बर्नर गंजतात. बटण त्याच्याही आधी जातं. कोळशाचं म्हणजे एक भांडं, एक झाकण, एक जाळी. बिघडायला आहे काय त्यात?"

हे मी मराठीत सासूबाईंना सांगितलं आणि तिथेच माझी बाजू पडली.

"कोळशाचीच घ्या, श्रीरंगराव." ग्रिलला त्या शेवटपर्यंत शेगडीच म्हणाल्या.

"आई, कोळसा उगाळावा तितका काळाच."

"उगाळायला कोण सांगतंय? फुलवायचा."

केतकी हसली, पण लगेच म्हणाली, "अगं, धूर किती होतो. शेजारचे ओरडतील."

"धूर पहिल्या घटकेचा. एकदा निखारा फुलला, वर राख धरली, की धूर नाही, वास नाही, काही नाही. तान्ह्याच्या उशाशी ठेवला तरी चालतो."

केतकी खुर्चीत सरळ झाली. "म्हणजे तुझ्या डोक्यात शेक-शेगडी आहे."

"मग? बाळंतिणीला शेक नको? लेकराला ओवा-शेपाची धुरी नको?" सासूबाईंनी काही लपवलं नाही. "तुमच्या त्या बटणाच्या शेगडीतला विस्तव मला उचलून आत आणता येतो का? नाही ना? मग ती काय कामाची."

शेवटी कोळशाचंच घेतलं. कशासाठी घेतोय ते मला आणि केतकीला पुरतं माहीत होतं. पण म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं, घरात विस्तव आणू द्यायचा की नाही ते नंतर बघता येईल, असं आम्ही धरून चाललो. ग्रिल म्हणून ते उत्तम निघालं. त्याला आता चौदा वर्षं झाली. बर्फ, पाऊस, ऊन सगळं खाऊन ते अजून धडधाकट आहे.

घरी येताना सासूबाई मागच्या सीटवर कोळशाच्या तीन पिशव्यांशेजारी बसल्या होत्या. एक हात पिशवीवर होता.

"आई, स्पष्ट सांगते," केतकी पुढे बघत म्हणाली. "घरात निखारे नाही आणायचे. इथे लाकडाची घरं असतात. आणि सगळं घर गरम ठेवायची सोय आहे. तुला हवं तर गरम पाण्याची पिशवी देते."

"पिशवी तासाभरात गार पडती."

"मग पुन्हा भरायची."

"आमच्याकडं द्राक्षाच्या घडाला थंडी बाधू नये म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. घडासाठी उठतात आणि लेकरासाठी नको?" त्या जरा थांबल्या. "मी एकदा भोगलंय, केतकी."

काय भोगलं ते मला माहीत होतं. केतकीच्या आधी त्यांना मुलगा झाला होता. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी, निफाडजवळच्या एका वस्तीवर. त्या साली थंडी अशी पडली होती की बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरायचा. बारशाच्या आधीच एका पहाटे ते बाळ गेलं. बारसं नाही म्हणून त्याला नावही नाही. घरात त्याचा उल्लेख 'पहिला' एवढाच व्हायचा. बाळंतीण झोपून गेली, शेगडी विझली आणि पोर गारठलं, असं सासरच्या लोकांनी ठरवलं आणि पुढे जन्मभर तसंच सांगितलं. सासूबाईंनी त्यावर कधी वाद घातला नाही, कारण त्यांनाही तसंच वाटत होतं.

"बघू," केतकीनं हळू आवाजात म्हटलं. विषय तिथे थांबला.

नोव्हेंबरात मुलगा झाला. घरी आणल्यापासून सासूबाईंचं एकच काम, बाळाचे पाय चाचपून बघणं. दिवसा स्वयंपाक, डिंकाचे लाडू, केतकीचं तेल-पाणी. रात्री मात्र त्या बाळाच्या पाळण्याजवळ खुर्ची टाकून बसायच्या. तुम्ही झोपा, मी बघतो, असं मी किती वेळा सांगितलं.

"मला हिवाळ्यात झोप येत नाही," त्या म्हणायच्या. "सवय ए."

बारसं रविवारी ठरलं होतं. त्याच्या दोन दिवस आधी वादळ आलं. पहाटेपासून बर्फ पडत होता आणि उजाडता उजाडता वीज गेली. वीज गेली की घर तापवणारी भट्टीही बंद. भिंतीवरचा आकडा उतरायला लागला. पलीकडच्या गावात आमचे एक स्नेही राहायचे, त्यांच्याकडे वीज होती. मी फोन केला. ते म्हणाले, आत्ताच या. पण गाडी काढायची तर आधी दारापुढचा रस्ता मोकळा करायला हवा होता.

"बाळाचे पाय गार पडलेत," सासूबाई म्हणाल्या.

"आई, जरा दम धरा. एवढा बर्फ बाजूला केला की निघतोच आपण."

"तिकडं पोचेस्तोवर?"

"दुलईत घ्या त्याला. केतकीजवळ ठेवा."

केतकी रात्रभराच्या जागरणानं गाढ झोपली होती. तिला उठवू नका, निघताना उठवू, असं सांगून मी फावडं घेऊन बाहेर पडलो. बर्फ ओला आणि जड होता. त्यात सरकारी गाडीनं मुख्य रस्ता साफ करताना आमच्या वाटेच्या तोंडाशी कमरेइतका ढीग लावून ठेवला होता. मी खाली मान घालून उपसत राहिलो. एकदा मागे नजर गेली तेव्हा अंगणात सासूबाई दिसल्या. ग्रिलवरचा बर्फ झटकून त्यांनी कोळसा पेटवला होता आणि पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. पाणी तापवत असतील, असं मला वाटलं. वीज नसताना ते शहाणपणाचंच होतं.

काम संपवून मी आत आलो तेव्हा घरात कुठेतरी काहीतरी वाजत होतं. चार वेळा टीं टीं टीं टीं, मग थांबायचं, मग पुन्हा. आधी वाटलं, वीज नाही म्हणून कुठलं तरी यंत्र कुरकुरतंय. मग ध्यानात आलं, झोपायच्या खोलीबाहेर भिंतीवर जो पांढरा डबा आहे तो वाजतोय. तो धुराचा इशारा देणारा नव्हता, विषारी वायूचा होता. धुराचा त्याच्या शेजारी होता आणि गप्प होता.

खोलीचं दार बंद होतं. खालच्या फटीत आतून टॉवेल कोंबलेला होता, त्यामुळे ते ढकलावं लागलं.

खोली उबदार होती. पलंगाशेजारी विटांवर माझी बिडाची कढई, तिच्यात काठोकाठ लाल निखारे. वर राखेचा पातळ थर. धूर नव्हता, वासही नव्हता, फक्त थोडा ओव्याचा. गरम हवेची जमिनीतली जाळी उशी ठेवून बुजवली होती. तिच्यातून गार वारा येतो असं वाटलं असणार. सासूबाई खाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. हातात पुठ्ठा होता पण हात मांडीवर पडला होता.

"दार लावा," त्या जड जिभेनं म्हणाल्या. "गार येईल आत."

"केतकी!"

केतकी हलली नाही. मी दुलई ओढली, बाळाला उचललं. ते कपड्याच्या घडीसारखं माझ्या हातात आलं. मी आयुष्यात एवढा कधी घाबरलो नव्हतो आणि पुन्हा घाबरू नये. एका हातानं खिडकी वर ढकलली, केतकीच्या तोंडावर थापट्या मारल्या. तिनं डोळे उघडले, पण मला ओळखल्यासारखे नव्हते. तिला ओढत, सासूबाईंना ओढत, बाळाला छातीशी धरून मी सगळ्यांना बाहेर ओट्यावर आणलं. बर्फाच्या हवेत एक, दोन, किती श्वास गेले माहीत नाही, आणि मग बाळानं तोंड वाकडं करून बारीकसा सूर काढला. मी तिथेच बर्फात बसलो आणि फोन लावला.

इस्पितळात तिघांनाही प्राणवायू लावला. बाळाच्या तोंडावरचा मुखवटा एवढासा होता, तरी त्याचं सगळं तोंड झाकून जात होतं. केतकीला पुरती शुद्ध आली होती. काय झालं ते मी तिला सांगितलं. तिनं आईकडे बघितलं नाही. पलीकडच्या खुर्चीत, हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळ, मुखवटा नुकताच काढलेल्या सासूबाई बसल्या होत्या. केतकी मला म्हणाली, "तिला सांग, माझ्या बाळाला हात लावायचा नाही."

सांगायची गरज नव्हती. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि खुर्ची थोडी मागे घेतली.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. वयस्क, शांत बाई होत्या. बाळाच्या रक्तातलं विष उतरतंय, ते बरं होईल, असं त्यांनी आधी सांगितलं. केतकी हुंदके द्यायला लागली. मग डॉक्टर सासूबाईंसमोर स्टूल ओढून बसल्या. इस्पितळात फोनवर दुभाषी मिळायचा, पण मराठीचा मिळेना. म्हणून मीच मध्ये बसलो.

"आजींना समजावून सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "मी रागावलेली नाही. पण त्यांना हे कळलं पाहिजे. प्रश्न धुराचा नाही. लाल निखाऱ्यातून एक वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो साठत जातो. माणसाला झोप लागते आणि मग जाग येत नाही. तान्ह्या मुलांना सगळ्यात आधी."

मी मराठीत सांगितलं. सासूबाई खाली मान घालून ऐकत होत्या.

"झोप लागते म्हणाल्या का त्या?"

"हो."

"विचारा त्यांना, कशी झोप? बाळंतिणीला थकून येती तशी?"

मी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "डोकं जड होतं. उठायला हवं हे कळतं, पण हातपाय ऐकत नाहीत. आणि मग तेही कळेनासं होतं."

"आणि लेकरू? ते रडतं का?"

"नाही. झोपेतच असतं. त्याला काही कळत नाही."

सासूबाईंनी मान हलवली.

"त्याचा रंग कसा होतो?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "हे का विचारतायत?"

मला तोवर समजत चाललं होतं, पण मी नुसतं म्हटलं, "त्यांना जाणून घ्यायचंय."

"निळं पडत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उलट गाल गुलाबी दिसतात. छान झोपलंय असं वाटतं."

मी ते शब्द मराठीत सांगितले. दुसरं काहीतरी सांगावं असं मनात आलं होतं, पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मला खोटं बोलवलं नाही.

"आमचा गुलाबी होता," सासूबाई म्हणाल्या.

केतकीनं मान वळवली.

"सकाळी बाया जमल्या ना, त्यातली एक म्हणाली, काय गोरंपान दिसू राह्यलं लेकरू. थंडीत गेलेलं वासरू मी पाहिलंय, श्रीरंगराव. ते काळंनिळं पडतं. पण गेलेलं पोर गुलाबी कसं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याबी नाही." त्यांचा आवाज एकदम सपाट झाला होता. "मला तीन दिवस डोकं उचलवत नव्हतं. बाळंतवात म्हणाले."

"काय म्हणतायत त्या?" डॉक्टरांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. ते इंग्रजीत सांगायला माझी जीभ उचलत नव्हती. डॉक्टर समजल्या की नाही कोण जाणे, पण त्या उठल्या नाहीत, तशाच बसून राहिल्या.

"सासू म्हणायची, पोर मरत होतं आणि ही झोपली. धनी कधी बोलले नाहीत, पण त्यांच्या मनात होतंच. आणि मलाबी तेच वाटायचं. लेकराजवळ आई झोपतीच कशी?" त्यांनी माझा हात धरला. जावयाचा हात त्यांनी त्याआधी कधी धरला नव्हता. "म्हणजे मी आपण होऊन झोपले नव्हते. असंच ना?"

"नाही, आई. तुम्हाला उठवलंच नसतं."

"त्यांनाच विचारा एकदा. आपण होऊन झोपले का मी?"

मी विचारलं. डॉक्टरांनी उत्तर मला न देता सासूबाईंकडे बघून दिलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. त्यात समजण्यासारखं एवढंच होतं, 'नो'. तो शब्द त्यांना येत होता.

त्या रडल्या नाहीत. मी रडलो. एका बाईनं चाळीस वर्षं हिवाळ्यात जागं राहायचं, कशासाठी, तर नसलेल्या अपराधासाठी, याचा मला संताप आला होता आणि तो कोणावर काढायचा हे कळत नव्हतं.

केतकीनं तोंडावरचा मुखवटा खाली ओढला.

"आई, त्या रात्री शेगडी कोणी भरली होती?"

सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आजीनं. माझ्या आईनं. दोनदा उठून भरून गेली. दाराच्या फटीत गोधडी तिनंच कोंबली. म्हणाली, आता निवांत पड." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "सगळ्या गावात माझ्या बाजूनं ती एकटी बोलायची. माझ्या पोरीला नावं ठेवू नका म्हणून भांडायची. मरेपर्यंत भांडली."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या, "ती हे ऐकायला नाही."

डॉक्टर उठल्या, त्यांनी सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या पडद्याबाहेर गेल्या. केतकी आईकडे बघत होती. बाळ चुळबुळ करायला लागलं. परिचारिकेनं त्याचा मुखवटा मघाशीच काढला होता, ते हातपाय हलवत होतं.

"आई, इकडं ये."

सासूबाई उठल्या, पण पलंगापाशी येऊन थांबल्या. हात पदराखाली होते.

"नको," त्या म्हणाल्या. "मीच आणला ना तो विस्तव आत. ते तर खरंच ए."

"हो, खरं आहे," केतकी म्हणाली. तिच्या आवाजात राग अजून होता. तिनं बाळाला दुपट्यात नीट गुंडाळलं, दोन्ही हातांनी उचललं आणि आईपुढे धरलं. सासूबाईंचे हात पदराबाहेर येईपर्यंत ती तशीच धरून राहिली.

"घे याला," ती म्हणाली. "मला झोपायचंय."